सामोपचाराचे पाप

काही शब्दांची अब्रू फाजील मोठी असते. 'सामोपचार' हा त्यांतलाच एक. घरात भाऊबंदकी माजली, चार वडीलधारी माणसे बसली, 'थोडे तू सोड, थोडे तू सोड' असे म्हणाली, आणि दोघे भाऊ पुन्हा एका पंक्तीला जेवले, की सारा गाव त्या वडीलधाऱ्यांच्या शहाणपणाचे गोडवे गातो. गाऊ द्यावेत. पण समजा, ही वाटणी जमली ती घरातल्या विधवा भावजयीचे स्त्रीधन मोडून जमली. तिला बैठकीला बोलावलेच नव्हते. माजघरातून तिचा हुंदका ऐकू आला तेव्हा 'बाईमाणसाने मध्ये बोलू नये' म्हणून तिला गप्प केले. तर मग त्या सामोपचाराला काय म्हणाल? भांडण मिटले म्हणाल, की दरोडा पचला म्हणाल?

हा प्रश्न मला एका परक्या देशाच्या इतिहासाला विचारायचा आहे. फराळाच्या ताटाशेजारी अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर इतकेच की ही कथा कापसाची आहे, आणि कापसाच्या कथेशी आम्हा मुंबईकडच्या लोकांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. ते पुढे येईलच.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या चार वर्षांत यादवी युद्ध झाले. त्यात सहा-सात लाख सैनिक मेले. एवढा संहार का झाला, याविषयी एक लाडका सिद्धान्त आहे. तो असा: उत्तरेत गुलामगिरीविरुद्ध आग ओकणारे काही जहाल होते, दक्षिणेत फुटून निघण्याची भाषा करणारे काही माथेफिरू होते, या दोन टोकांच्या मध्ये हेन्री क्ले, डॅनियल वेब्स्टर, स्टीफन डग्लस यांच्यासारखे समंजस मुत्सद्दी उभे होते, त्यांचे ऐकले असते तर रक्ताचा थेंबही न सांडता गुलामगिरी कालांतराने आपोआप गेली असती. ऐकायला किती गोड! हा सिद्धान्त खोटा आहे, आणि नुसता खोटाच नव्हे तर घातकी आहे. अन्यायाशी केलेल्या प्रत्येक तडजोडीला तो आयते समर्थन पुरवतो.

आपण हिशेबानेच जाऊ. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. सगळी माणसे जन्मतः समान आहेत, असे अकरा वर्षांपूर्वी जगाला सांगून चुकलेले हे राष्ट्र. घटना करताना प्रश्न आला की कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी द्यायचे. दक्षिणेचे मळेवाले म्हणाले, आमचे गुलाम लोकसंख्येत धरा. उत्तरेचे म्हणाले, ज्यांना तुम्ही मालमत्ता म्हणता त्यांना माणसे म्हणून कसे मोजायचे? मग सामोपचार झाला. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे! अर्थात या तीन माणसांच्या बळावर वाढलेल्या जागांचे मत गुलामाच्या हाती नव्हते, त्याच्या मालकाच्या हाती होते. आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करायचा नाही, असेही ठरले. पळून गेलेला गुलाम परत द्यावा, असेही ठरले. आणि गंमत अशी की एवढे सगळे ठरवताना 'गुलाम' हा शब्द मात्र त्या घटनेत कोठेही येऊ दिला नाही. 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधलेली व्यक्ती' अशी सोवळी भाषा वापरली. लाज वाटत होती, पण लाभ सोडवत नव्हता.

या पहिल्या तडजोडीच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे, हे मी मान्य करतो. ती केली नसती तर दक्षिणेची राज्ये संघात आलीच नसती, तेरा राज्यांचे तुकडे झाले असते, आणि गुलामाची सुटका काही त्यामुळे लवकर झाली नसती. शिवाय त्या वेळी अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते की ही प्रथा आता म्हातारी झाली आहे, आपोआप मरेल. ठीक आहे. राष्ट्राच्या जन्मवेळी केलेले कर्ज म्हणून ते एकदा माफ करू. पण कर्ज काढणाऱ्याची नियत पुढच्या हप्त्यांवरून कळते.

१७९३ साली एली व्हिटनेने सरकी काढण्याचे यंत्र केले आणि म्हातारी प्रथा एकाएकी तरुण झाली. कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांत अपार मागणी होती. आता तो पिकवणे परवडू लागले. आणि पिकवायला हात हवे होते. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८२० साली ते १५ लाख झाले. १८५० साली ३२ लाख. १८६० साली साडेएकोणचाळीस लाख. 'आपोआप मरेल' म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकाखाली एक मांडून पाहावेत. जी वस्तू आपोआप मरत असते ती सत्तर वर्षांत साडेपाच पटींनी वाढत नसते. व्हर्जिनिया-मेरीलंडसारख्या जुन्या राज्यांतून मिसिसिपी-लुइझियानाच्या नव्या मळ्यांकडे या काळात सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली. कितीएक बाजारात उभी करून विकली गेली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मूल तिसऱ्या. सणाला सारे कुटुंब एकत्र जमावे, या आपल्या साध्या इच्छेला ज्या कायद्यात जागाच नव्हती, त्या कायद्याविषयी आपण बोलत आहोत.

आता समंजस मुत्सद्द्यांचे हप्ते पाहा. १८२० साली मिसूरी हे राज्य संघात घ्यायचे होते. गुलामांचे की मुक्त? सामोपचार झाला: मिसूरी गुलामांचे, त्याच्या बदल्यात मेन मुक्त, आणि पश्चिमेच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर एक रेघ मारली, तिच्या उत्तरेस, एक मिसूरी सोडून, गुलामगिरी नको. नकाशावर पट्टीने रेघ मारावी तसा माणुसकीचा निकाल लावला! रेघेच्या अलीकडे जन्मलेले मूल वस्तू, पलीकडे जन्मलेले माणूस. १८३६ साली गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांचा वर्षाव होऊ लागला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ठरावच केला की असले अर्ज चर्चेविना बाजूला ठेवायचे. जॉन क्विन्सी ॲडम्स हा माजी अध्यक्ष, सत्तरीचा म्हातारा, साधा प्रतिनिधी म्हणून तिथे बसत असे. तो या तोंडबंदीविरुद्ध एकसारखा झगडला, आणि १८४४ च्या डिसेंबरात तो नियम रद्द झाला. आठ वर्षे एका स्वतंत्र राष्ट्राच्या लोकसभागृहात एका विषयाचे नाव काढायची चोरी होती. कशासाठी? तर शांततेसाठी!

आणि १८५०! मेक्सिकोशी युद्ध करून प्रचंड मुलूख मिळवला होता, त्याच्या वाटणीचे भांडण होते. म्हाताऱ्या क्लेने पुन्हा तडजोडीचा मसुदा मांडला, डग्लसने तो तुकड्यातुकड्यांनी पार पाडला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या वेब्स्टरने ७ मार्च रोजी भाषण करून त्याला पाठिंबा दिला. कॅलिफोर्निया मुक्त झाले. राजधानीत गुलामांची खरेदी-विक्री बंद झाली, गुलामगिरी नव्हे हो, फक्त खरेदी-विक्री! आणि याची किंमत म्हणून दक्षिणेला पळपुट्या गुलामांचा नवा कायदा मिळाला. या कायद्याची कलमे वाचताना अंगावर काटा येतो. ज्याला पकडले त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही. पंचांपुढे चौकशी नाही. निकाल एका कमिशनराने द्यायचा. त्याने माणूस गुलाम ठरवला तर त्याला १० डॉलर फी, मुक्त ठरवला तर ५ डॉलर. रस्त्यावरच्या कोणाही नागरिकाला सरकारी माणसाने हाक मारली तर धरपकडीला मदत केलीच पाहिजे. पळालेल्याला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. भुकेल्याला भाकर देणे हा गुन्हा, आणि त्याला दावणीला परत बांधणे हे कर्तव्य! याला मुत्सद्देगिरी म्हणायचे असेल तर पेंढाऱ्यांना न्यायाधीश म्हणायला काय हरकत आहे?

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे उलटे होते: दोघांचा समेट आणि तिसऱ्याचे मरण. उत्तरेने थोडे सोडले, दक्षिणेने थोडे सोडले, असे इतिहासकार लिहितात. पण खरोखर दोघांनी सोडले काय? उत्तरेने जे सोडले ते तिचे नव्हतेच. ते फ्रेडरिक डग्लसचे होते. हा मेरीलंडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८३८ साली पळाला, आणि पुढे त्या देशाचा एक थोर वक्ता झाला. १८५२ साली रोचेस्टरच्या गोऱ्या नागरिकांनी त्याला स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने बोलायला बोलावले, तेव्हा त्याने भर सभेत विचारले की तुमच्या या सणाचा आणि आमच्या गुलामांचा संबंध काय. या प्रश्नाला क्ले-वेब्स्टरांच्या एकाही तडजोडीत उत्तर नव्हते. कारण त्यांच्या बैठकीला तो नव्हताच. भावजय माजघरातच होती.

बरे, या तडजोडींनी निदान शांतता तरी दिली काय? तीही नाही. अन्यायाच्या पोटाला तळ नसतो. त्याला जितके घालावे तितकी त्याची भूक वाढते. १८२० ची रेघ कायमची म्हणून मारली होती. १८५४ साली डग्लसनेच कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्याने ती पुसली आणि सांगितले की त्या प्रदेशातल्या रहिवाशांनी मतदानाने काय ते ठरवावे. किती लोकशाही वाटते पाहा! एका माणसाला विकावे की नाही, हे बाकीच्यांनी बहुमताने ठरवायचे, आणि विकल्या जाणाऱ्याला मत नाही. मतदान तरी कसले? १८५५ साली शेजारच्या मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या आल्या, आणि कॅन्ससमध्ये जेवढे मतदार होते त्यांच्या दुपटीहून अधिक मते पडली. २१ मे १८५६ रोजी लॉरेन्स हे मुक्तवाद्यांचे गाव लुटले गेले. दुसऱ्याच दिवशी सेनेटच्या दिवाणखान्यात, आपल्या जागेवर बसून लिहीत असलेल्या चार्ल्स समनरला दक्षिणेच्या प्रेस्टन ब्रूक्सने काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. त्याचा गुन्हा? कॅन्ससवर केलेले भाषण. समनर तीन वर्षांहून अधिक काळ नीट कामावर येऊ शकला नाही. ब्रूक्सला त्याच्या मतदारांनी पुन्हा निवडून दिले आणि चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. ज्या गुलामाच्या पाठीवर रोज फटका पडत होता त्याकडे सेनेटने सत्तर वर्षे पाठ फिरवली. अखेर तो फटका सेनेटच्याच डोक्यावर पडला.

त्यापुढचा कळस न्यायमंदिरावर चढला. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाला मालकाने मुक्त मुलखात नेऊन ठेवले होते. त्या आधारे तो स्वातंत्र्य मागत होता. ६ मार्च १८५७ रोजी सर न्यायाधीश टेनी यांनी निकाल दिला की काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. आणि पश्चिमेच्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाहीच. म्हणजे ज्या रेघेसाठी मुत्सद्द्यांनी एवढा घाम गाळला ती रेघ मुळातच बेकायदा! सामोपचाराची सारी इमारत सामोपचाराच्याच लाभार्थ्यांनी पाडून दाखवली.

आता तीन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप: ही लढाई गुलामगिरीसाठी नव्हतीच, राज्यांच्या हक्कांसाठी होती. या आक्षेपाइतका निर्लज्ज बनाव इतिहासात थोडाच सापडेल. पळपुट्यांचा कायदा हा मध्यवर्ती सरकारने उत्तरेच्या राज्यांवर लादलेला कायदा होता. तेव्हा राज्यांचे हक्क कोठे गेले होते? उत्तरेच्या राज्यांनी आपापले कायदे करून त्या धरपकडीला अडथळा केला, तर साउथ कॅरोलिनाने फुटून निघताना त्याचीच तक्रार आपल्या जाहीरनाम्यात मांडली! फुटीर राज्यांनी १८६१ साली स्वतःची घटना केली. तिच्यात गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करायला मज्जाव होता. १७८७ च्या घटनेने जो शब्द लाजून लपवला तो या घटनेने उघड लिहिला. त्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे सांगितले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे. युद्ध हरल्यावर याच गृहस्थाने दोन जाडजूड खंड लिहून, प्रश्न घटनेच्या तत्त्वाचा होता, असे प्रतिपादन केले. चोराने पकडले गेल्यावर तत्त्वज्ञान सांगावे, यात नवल नाही. नवल हे की ते ऐकून माना डोलावणारे अजूनही आहेत.

दुसरा आक्षेप: पैसे देऊन गुलाम सोडवता आले असते. इंग्लंडने १८३३ च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड दिलेच ना? दिले, गुलामांना दमडी दिली नाही, ती गोष्ट वेगळी. पण विकत घ्यायला विकणारा लागतो. १८६२ साली, युद्ध चालू असताना, लिंकनने संघात राहिलेल्या सरहद्दीवरच्या गुलाम-राज्यांना भरपाई देऊ केली. डेलावेअरमध्ये तर दोन हजारांहूनही कमी गुलाम उरले होते. त्यानेसुद्धा नकार दिला. जिथे मूठभर गुलाम होते तिथे ही कथा, तर लाखो गुलाम असलेल्या मळेवाल्यांनी ऐन भरभराटीत ते विकून टाकले असते, असे म्हणणाऱ्याला मळा आणि मळेवाला दोन्ही ठाऊक नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: लिंकन स्वतः तडजोडवादी नव्हता काय? होता. जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, असे तो अध्यक्ष होईपर्यंत आणि झाल्यावरही सांगत होता. पळपुट्यांचा कायदासुद्धा त्याने नाइलाजाने मानला होता. ज्यांना निर्भेळ देवमाणूस हवा असेल त्यांनी लिंकनकडे जाऊ नये. पण एक गोष्ट त्याने सोडली नाही: ही प्रथा अन्याय आहे, हे म्हणणे, आणि म्हणूनच ती आणखी पसरू द्यायची नाही, हा हट्ट. १८५८ साली इलिनॉयमध्ये डग्लसशी त्याचे सात जाहीर वाद झाले, त्यांचा गाभा हाच. डग्लस म्हणत होता, लोक काय ठरवतील ते ठरवोत, मला त्याचे सोयरसुतक नाही. लिंकन म्हणत होता, सोयरसुतक नाही असे म्हणणे हाच अपराध. सेनेटची ती जागा लिंकन हरला. दोन वर्षांनी, एकूण मतांपैकी सुमारे चाळीस टक्के मते घेऊन, तो अध्यक्ष झाला. तो सत्तेवर येण्यापूर्वीच सात राज्ये फुटली. त्या हिवाळ्यात केंटकीचा क्रिटेंडन पुन्हा जुनी रेघ घेऊन पुढे आला: तीच ३६ अंश ३० मिनिटे, आता थेट पश्चिम समुद्रापर्यंत आणि कायमची. लिंकनने आपल्या माणसांना सांगितले की प्रसाराच्या मुद्द्यावर तसूभरही हलू नका. बाकी सगळ्यावर वाटाघाटी करणारा हा माणूस एका जागी थांबला. थांबण्याची ती जागा ज्याला ठाऊक असते त्याचीच तडजोड ही तडजोड असते. ज्याला ती नसते त्याची ती शरणागती असते.

आणि जहाल? १८३१ पासून 'लिबरेटर' पत्र चालवणारा गॅरिसन, १८३७ साली आपल्या छापखान्याचे रक्षण करताना जमावाच्या गोळीने मेलेला लव्हजॉय, यांनी आग लावली म्हणतात. आग लागल्याची घंटा वाजवणाऱ्याला आग लावणारा ठरवण्याची ही रीत फार जुनी आहे. जॉन ब्राउनचे मी समर्थन करणार नाही. कॅन्ससमध्ये त्याच्या टोळीने पाच माणसांना रात्री घराबाहेर काढून मारले, तो खूनच होता. १८५९ साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चाल करून तो फासावर गेला. पण त्या पाच खुनांचा पाढा वाचणाऱ्यांनी चाळीस लाखांच्या पाठीवरचे वळही मोजावेत. त्या हिंसेला कोणी हिंसा म्हणत नव्हते, कारण ती कायदेशीर होती आणि रोजची होती.

आता आमचा संबंध. युद्धात दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. बँका, कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना, आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. लाखो माणसे कायमची मुक्त होणार, ही जगाला शुभवार्ता. मुंबईला ती दिवाळखोरीची वार्ता ठरली. प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर कोसळले. त्या शेअरबाजारात बसून गुलामाच्या सुटकेचा आनंद कोणाला झाला असेल?

पण याच महाराष्ट्रात आणखी एक माणूस त्या युद्धाकडे पाहत होता. जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा व्यक्त केली. मुंबईने त्या युद्धात कापसाचा भाव वाचला, जोतीरावांनी माणसाचा वाचला. त्यांनी ते पुस्तक क्लेला अर्पण केले नाही, वेब्स्टरला केले नाही. ज्यांनी रेघा मारल्या त्यांना नव्हे, ज्यांनी बेड्या तोडल्या त्यांना केले.

तडजोड वाईट नव्हे. पाण्याची, पैशाची, जमिनीची, सत्तेची तडजोड केल्यावाचून चार माणसे एका छपराखाली राहू शकत नाहीत, मग देश कसा राहील? माझ्याजवळचे माझे मी सोडले तर ते औदार्य आहे. पण तिसऱ्याचे सोडून मी उदार झालो तर ती चोरी आहे, आणि ती चोरी शांततेच्या नावाने केली तर दुप्पट चोरी आहे. म्हणून कोणी सामोपचाराची थोरवी सांगू लागला, मग तो दिल्लीत असो, गावच्या चावडीवर असो की आपल्याच ओसरीवर, त्याला एवढेच विचारावे: बैठकीला कोणाला बोलावले नव्हते? उत्तर मिळेपर्यंत त्याच्या शहाणपणाला मान डोलावू नये.